पावसाची वही आणि विजेचा दिवा

पावसाळ्यात सकाळी साडेआठच्या सुमाराला तुम्ही महाबळेश्वरला, नवजाला किंवा कोयनानगरला गेलात, तर एक अगदी साधे दृश्य तुमच्या नजरेस पडेल. डोक्यावर छत्री धरलेला एक माणूस तारेच्या कुंपणाच्या आत शिरतो, जमिनीत रोवलेल्या एका नळकांड्यावरचे नरसाळे काढतो, आतल्या बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओततो, माप डोळ्यांच्या रेषेत धरतो आणि वही उघडून एक आकडा लिहितो. सारे मिळून पाच-सात मिनिटांचे काम. त्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. तो आकडा पुढे बातम्यांत येतो, आपण तो ऐकतो, 'यंदा बरा आहे हो पाऊस' असे म्हणतो आणि विसरून जातो.

आज मला त्या वहीबद्दल बोलायचे आहे. पाण्याच्या उपलब्धतेचा अभ्यास आणि विजेचे नियोजन असे भारदस्त नाव या विषयाला देता येईल. पण नाव भारदस्त झाले की ऐकणारा जांभई देतो, हे वर्गावर वीस वर्षे काढल्यावर मला चांगले ठाऊक झाले आहे. म्हणून मी वहीपासूनच सुरुवात करतो.

मी एका कॉलेजात भूगोल शिकवतो. गेल्या पावसाळ्यात वर्गात कोयनेचा धडा चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, धरण भरलंय असं रोज सांगतात. मग माझ्या वडलांना मोटर चालू करायला रात्री दोन वाजता उठून का जावं लागतं?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण रात्री दोन वाजता उसात जाणे म्हणजे काय, तिथे पायाखाली काय येऊ शकते, हे त्या मुलाइतकेच मलाही माहीत आहे. मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते, हे माझे मलाच कळत होते. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराची दुसरी आवृत्ती समजा.

आता हिशोबाला बसू या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तो बरोबर एक लिटर होतो. हे सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे, आणि शिक्षक बंधू-भगिनींनी ते पाचवीच्या वर्गातही सांगायला हरकत नाही. कोयना धरणाच्या वर जो मुलूख आहे, म्हणजे ज्या डोंगरउतारांवरचे पाणी शेवटी धरणात येते, तो सुमारे ८९२ चौरस किलोमीटरांचा आहे. एवढ्या मुलखावर फक्त एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते सुमारे ८९ कोटी लिटर. सगळेच काही धरणात येत नाही. काही जमिनीत मुरते, काही झाडे पितात, काहीची वाफ होते. पण भर पावसाळ्यात, जमीन पाण्याने तुडुंब झालेली असताना, बराच मोठा वाटा खाली येतो.

आता हेच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला कोकणाकडे सोडले की ते जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून टरबाइनवर पडले, तर यंत्रांची तूट वजा जाता एक युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. हजार लिटरला एक युनिट! तुम्ही म्हणाल, हे काही फार नव्हे. पण गुणाकार करून पाहा. त्या ८९ कोटी लिटरांचे दहा लाख युनिट होतात. म्हणजे वहीत एक मिलिमीटर कमी किंवा जास्त लिहिला आणि ती चूक साऱ्या खोऱ्यावर धरली गेली, तर कागदावर दहा लाख युनिट नाहीसे होतात किंवा नसलेले जन्माला येतात. छत्री धरून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातात काय आहे, ते आता ध्यानात येईल.

कोयनेचा सगळा कारखाना तुम्हांला ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६२ साली पहिली वीज बाहेर पडली. पोफळीचे भूमिगत वीजगृह, मग त्याच पाण्याचा दुसऱ्यांदा उपयोग करणारे कोळकेवाडीचे वीजगृह, पुढे धरणाच्या तळातून बोगद्याचे तोंड फोडून जोडलेला हजार मेगावॅटचा चौथा टप्पा, आणि धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह. तळ्याच्या पोटात केलेले ते पहिले छिद्र मार्च १९९९ मधले, दुसरे एप्रिल २०१२ मधले. सगळे मिळून क्षमता १९६० मेगावॅट. जलाशयात पूर्वी सुमारे ९८.७८ टीएमसी पाणी मावे. दरवाजांची उंची वाढवल्यापासून १०५.२५ टीएमसी मावते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या भाषेत २,८३२ कोटी लिटर. माझी आजी या जलाशयाखाली गेलेल्या एका गावची. 'टीएमसी' हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. ती पाण्याकडे बोट दाखवून 'आमची खाचरं तिथं होती' एवढेच म्हणे. उठवून बसवलेल्या वस्तीत तिच्या नव्या घराला वीज यायला पुढे पुष्कळ वर्षे गेली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पाण्याच्या वहीत ज्या गोष्टींना रकाना नसतो, त्यांतली ही एक, म्हणून सांगितली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धरणात किती पाणी 'आहे' हे कोणीही काठीवर पाहून सांगेल. विजेची योजना करणाऱ्याला मात्र हवे असते ते दुसरेच उत्तर: दर वर्षी किती पाण्यावर 'विसंबता येईल'? या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

एखाद्या शेतकऱ्याला एका वर्षी दहा पोती ज्वारी झाली, दुसऱ्या वर्षी दोन. सरासरी सहा पोती. सावकाराच्या कागदावर सहा लिहिता येतील. पण दुसऱ्या वर्षी चूल काही सहा पोत्यांवर पेटत नाही. पाण्याचेही तसेच. म्हणून जलशास्त्राचे अभ्यासक सरासरीवर भरवसा ठेवत नाहीत. ते काय करतात, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या नदीला दर वर्षी किती पाणी आले याच्या १९ वर्षांच्या नोंदी तुमच्यापाशी आहेत. त्या सालांच्या क्रमाने न मांडता पाण्याच्या क्रमाने मांडा. सर्वांत जास्त पाण्याचे वर्ष वर, सर्वांत कमीचे तळाशी. आता वरून पंधरावे वर्ष पाहा. तेवढे किंवा त्याहून जास्त पाणी वीसपैकी पंधरा वर्षे येईल, असे मानतात. याला ७५ टक्के भरवशाचे पाणी म्हणतात. अठरावे वर्ष घेतले तर ते ९० टक्के भरवशाचे. एकोणीस नोंदींना वीस कशाने भागायचे, हे हुशार विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर असे की, आजवर जे पाहिले त्याहून वाईट वर्ष पुढे येऊ शकते, त्याला एक जागा मोकळी ठेवायची. मला ही पद्धत फार आवडते. हिशोबातच थोडी नम्रता घालून ठेवली आहे.

आपल्याकडची रूढ पद्धत अशी की, शेतीच्या पाण्याला ७५ टक्के भरवसा चालतो, विजेला ९० टक्के लागतो आणि पिण्याच्या पाण्याला त्याहूनही अधिक. याचे कारण उघड आहे. एका वर्षी उसाऐवजी हरभरा घेता येतो, वाईट वाटले तरी येतो. इस्पितळातला दिवा मात्र अर्धा लावता येत नाही.

कृष्णेच्या पाण्याचा तंटा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात लागला तेव्हा न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने १९७३ साली निवाडा दिला. त्या निवाड्याचा पाया काय होता? १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतची, म्हणजे ७८ वर्षांच्या प्रवाहाची मालिका! त्या मालिकेवरून ७५ टक्के भरवशाचे पाणी २०६० टीएमसी धरले गेले आणि त्याची वाटणी झाली. गोऱ्या साहेबाच्या काळात कोणी अनाम कारकुनाने उन्हापावसात लिहून ठेवलेल्या आकड्यांवर तीन राज्यांची शेती आणि वीज उभी राहिली. तो कारकून आळशी असता तर? कल्पनाच करवत नाही.

याच निवाड्याने कोयनेच्या पाण्याला मर्यादा घातली. वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच पश्चिमेकडे वळवता येते. हे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत मोजायचे. मुलाच्या प्रश्नाचा पहिला धागा इथे सापडतो. धरण शंभर टीएमसींनी भरलेले दिसले तरी विजेसाठी घाटाखाली जाणारे पाणी मोजून दिलेले आहे, आणि ते बारा महिने पुरवायचे आहे. उरलेले पाणी पूर्वेला कराड-सांगलीकडे, पिण्यासाठी आणि शेतीसाठी राखायचे असते.

६७.५ टीएमसी बारा महिन्यांवर सारखे वाटले, तर दिवसाला जेमतेम दीड-पावणेदोन टक्के टीएमसी... नव्हे, चुकलो, टक्के नव्हेत, टीएमसीचा पाचवा हिस्सा येतो, आणि वर्गात असलो तर हा भागाकार मी फळ्यावर करून दाखवला असता. एवढ्या पाण्यावर १९६० मेगावॅटची सगळी चाके दिवसरात्र फिरू शकत नाहीत. म्हणून कोयनेची वीज घरातल्या तुपासारखी वाढायची असते, पानावर थोडी, पण नेमक्या वेळी. संध्याकाळी दिवे लागतात, सूर्यावरची वीज मावळते, शहरांत आणि खेड्यांत एकदम मागणी चढते. कोळशाचे वीजघर एवढ्या झटपट वर चढू शकत नाही, त्याला तास लागतात. कोयनेचे चाक मात्र काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरू लागते. या काही तासांसाठी तिचे पाणी राखून ठेवलेले असते. रात्री दोन वाजता मागणी कमी असते, कोळशाचे संच चालूच ठेवावे लागतात, त्यांची वीज तेव्हा कुठेतरी खपायला हवी. ती शेतीपंपांच्या वाट्याला आली. हे खरे कारण आहे. ते न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. सूर्यप्रकाशावरची वीज दिवसा मुबलक होऊ लागल्यापासून शेतीपंपांना दिवसा वीज देणे शक्य झाले आहे आणि त्या दिशेने कामेही होत आहेत. ज्यांच्या गावी ती पोचली ते सुटले. पण सूर्य जितका वाढेल तितकी संध्याकाळच्या पाण्याची किंमत वाढेल, हेही विसरू नये. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचे एक वीजघर आहे. तिथे वीज स्वस्त असताना खालचे पाणी पंपाने वर चढवतात आणि महाग असताना परत खाली सोडतात. वरवर वेडेपणा वाटतो, पण आमच्या आजीही कांदा स्वस्त असताना घेऊन माळ्यावर टाकीतच की.

आता विजेचा अंदाज करणारा अभियंता मे महिन्यात काय विचार करीत असेल, याची कल्पना करा. जलाशय खाली गेला आहे. पाऊस ७ जूनला येईल की २५ जूनला? २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोचायला २५ जून उजाडला होता. त्याच वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कोयना त्या वर्षी पूर्ण भरली नाही आणि पुढे पूर्वेकडची तहान भागवण्यासाठी विजेच्या पाण्याला कात्री लावावी लागली. याच्या उलट ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. वाईचे वर्षभराचे पर्जन्यमान त्याहून फारसे अधिक नाही! धरण लवकर भरून घ्यावे तर पुराची भीती, मोकळे ठेवावे तर पुढे पाऊस रुसला की अंधाराची भीती. दोन्हींकडून शिव्या खाणारी ही नोकरी आहे. तिथे माणसाला आधार असतो तो फक्त नोंदींचा.

या नोंदी पावसापुरत्याच नसतात. नदीतून किती पाणी वाहते तेही मोजावे लागते. कराडजवळ वारुंजीला कोयना नदीवर केंद्रीय जल आयोगाचे असे एक केंद्र आहे. काठावर आकडे रंगवलेली पट्टी असते, तिच्यावर पाण्याची उंची वाचतात. मग नदीच्या रुंदीचे भाग पाडून प्रत्येक भागात पाण्याचा वेग मोजतात. वेगमापकाला छोटे फिरते चाक असते. ते पाण्याच्या खोलीच्या साधारण सहा-दशांशावर धरले की त्या जागेचा सरासरी वेग मिळतो. हे सारे अनेकदा करून 'इतकी उंची म्हणजे इतका प्रवाह' असा तक्ता तयार होतो. पूर येऊन पात्राची वाळू खरवडली गेली की तक्ता जुना होतो आणि पुन्हा सारे मोजावे लागते. धरणात येणारे पाणी तर सरळ मोजताच येत नाही. किराणा दुकानदार जसा गल्ला मोजून, उधारी धरून दिवसाची विक्री काढतो, तसा तो हिशोब असतो: आजची पातळी, कालची पातळी, किती सोडले, किती वाफ झाली, आणि मग किती आले. अलीकडे कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात आपोआप नोंद करून उपग्रहामार्फत ती धाडणारी यंत्रेही बसली आहेत. चांगलेच आहे. पण कोळ्याने जाळे विणलेले यंत्र अचूक वेळी चुकीचा आकडा पाठवते, आणि ते जाळे झाडायला शेवटी माणूसच लागतो.

इथे कोणी म्हणेल की, हे सगळे पाण्यावर चालणाऱ्या वीजघरांचे झाले. राज्याची बहुतेक वीज तर कोळशावर होते, तिला पावसाचे काय? श्रोतेहो, हाच मोठा गैरसमज आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, ती वाफ पुन्हा थंड करावी लागते, आणि त्या थंडाव्यासाठी रोज पाणी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या वीजघरांना जी मर्यादा घालून दिली ती दर युनिटामागे साडेतीन लिटरांची आहे. अडीचशे मेगावॅटचा एकच संच दिवसभर पूर्ण चालला तर साठ लाख युनिट होतात, आणि त्याला पाणी लागते दोन कोटी दहा लाख लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर हे पावणेचार लाखांहून अधिक लोकांचे एका दिवसाचे पाणी झाले.

मराठवाड्यातल्या श्रोत्यांना परळी वेगळी सांगायला नको. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. पण गोदावरीवरचा खडका बंधारा आणि माजलगावचे धरण आटले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीच्या वीजघराचे सगळे संच थंड पडले. जुलै २०१५ पासून तर वर्षाहून अधिक काळ तिथली धुराडी गप्प होती. मार्च २०१६ मध्ये गंगेच्या काठावर बंगालमध्ये फराक्क्याचे वीजघरही कालव्यात पाणी नाही म्हणून बंद पडले. गंगेच्या काठावर, बरे का! वीजघर बांधताना नकाशावर निळी रेघ पाहून भागत नाही. त्या रेघेत वाईट वर्षाच्या मे महिन्यात काय उरते, हे विचारावे लागते. आणि त्याचे उत्तर ज्या वहीत असते ती वही तीस-चाळीस वर्षे आधी सुरू झालेली असावी लागते. संकट आल्यावर वही उघडून उपयोग नाही.

आपल्या कृष्णाकाठी तर एक निराळाच फेरा आहे. कोयनेचे पाणी घाटाखाली पाडून आपण वीज करतो, आणि कराडखालच्या टेंभूला, पुढे ताकारी आणि म्हैसाळला वीज खर्चून कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी माळांवर चढवतो. पाण्याने वीज, विजेने पाणी. ज्या वर्षी पाऊस कमी, त्याच वर्षी उपसा जास्त हवा आणि त्याच वर्षी जलविद्युत कमी. दोन्ही बैल एकाच दिवशी बसतात. आटपाडी-जतचा शेतकरी आणि मुंबईच्या उपनगरातली गाडी, दोघेही त्या नवजाच्या माणसाच्या वहीला बांधलेले आहेत, ते असे.

आता थोडे वहीच्या खरेपणाबद्दल. पाटण तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकलो तिथे आमच्या गुरुजींनी हौसेने पर्जन्यमापक ठेवला होता. जवळच एका कार्यालयाचेही माप होते. कोणत्या, ते सांगत नाही. एकदा गुरुजींनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. श्रावणातले चारी रविवार त्या दुसऱ्या वहीत एकच आकडा होता, बारा. आमच्या वहीत एका रविवारी चौऱ्याऐंशी, एका रविवारी तीन. गुरुजी म्हणाले, "पाऊस रविवारची सुट्टी घेत नाही, माणूस घेतो." तेव्हा आम्ही हसलो. पुढे शिकायला लागल्यावर कळले की, शास्त्रज्ञही नेमके हेच करतात. एका केंद्राची वर्षावर्षाची बेरीज शेजारच्या पाच-सात केंद्रांच्या बेरजेशी ताडून पाहतात. रेघ सरळ चालता चालता एखाद्या साली वाकली की समजावे, तिथे काहीतरी घडले: माप हलवले गेले, माणूस बदलला, किंवा शेजारी लावलेला शेवगा मोठा होऊन मापावर सावली धरू लागला. मापापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, हा नियम त्यासाठीच आहे.

आणखी एक अडचण मोठी आहे, आणि तिच्यावर अभ्यासकांचेही एकमत नाही. जुन्या नोंदींवरून पुढचा भरवसा काढताना आपण गृहीत धरतो की, उद्याचा पाऊस कालच्याच घरातला आहे. हवा तापू लागल्यापासून हे गृहीत डळमळले आहे. एकूण पाऊस तितकाच राहून तो थोड्या दिवसांत धो धो पडून गेला, तरी जलाशयाचा हिशोब बदलतो, कारण सहाशे मिलिमीटरांचा पाऊस साठवता येत नाही, सोडावा लागतो. मग जुनी वही फेकून द्यायची काय? माझे मत उलट आहे. घर बदलले हे कळायलाही जुने घर कसे होते ते लिहिलेले असावे लागते. मात्र ७८ वर्षांची मालिका एकदा मांडली आणि काम संपले, असे आता मानता येणार नाही. दर काही वर्षांनी ती पुन्हा मांडावी लागेल.

शिक्षक बंधू-भगिनींनो, म्हणूनच तुमच्यापाशी एक मागणे आहे. शाळेत एक पर्जन्यमापक ठेवा. जुन्या प्रकारच्या सरकारी मापाचे तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असते. तसे मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा आणि मोजपट्टीही चालेल. सरळ भिंतीच्या डब्यात जितके मिलिमीटर पाणी, तितकाच पाऊस. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण साऱ्या देशात तीच वेळ आहे. तुमचे आकडे सरकारी नोंदीत जाणार नाहीत, पण सरकारी आकडा ऐकल्यावर तो खरा वाटतो की नाही, हे तुमच्या गावाला कळेल. आणि मुलांना एक भेद जरूर शिकवा: पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचे, आणि माप वाचले नाही तर 'नोंद नाही' असे लिहायचे. या दोहोंची गल्लत झाली की चाळीस वर्षांनी कोणीतरी एखाद्या भिजलेल्या दिवसाला कोरडा समजेल.

रात्री दोनच्या मोटरीबद्दल विचारणारा तो माझा विद्यार्थी सुट्टीत त्याच्या गावच्या शाळेत गेला आणि तिथल्या मुलांना घेऊन त्याने असा एक डबा बसवला. परवा ती वही त्याने मला आणून दाखवली. अक्षर वेडेवाकडे आहे, पानांना चिखल लागला आहे. दुसऱ्या आठवड्यात एका दिवसाच्या रकान्यात कोणा चिमुरड्याने लिहिले आहे : 'नोंद नाही. शेळीने डबा पाडला.'